धातूंचे सूक्ष्म गुच्छ आणि प्रकाशाची साक्ष



बडोद्याच्या या शाळेतून मी १९६६ साली अकरावी उत्तीर्ण होऊन बाहेर पडलो. ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ हे व्याख्यान दरवर्षी होते, त्या सरांनी मला तीन वर्षे विज्ञान शिकवले. या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मय, इतिहास, नाट्यकला अशा विषयांवर अधिकारी वक्ते बोलून गेले. मी पदार्थविज्ञानाचा सेवानिवृत्त प्राध्यापक. माझ्याजवळ जे आहे तेच मी देऊ शकतो. विषय काय, असे चिटणिसांनी विचारले तेव्हा मी ‘धातूंचे गुच्छ’ असे सांगितले. त्यांना क्षणभर वाटले की मी दागिन्यांविषयी बोलणार आहे. त्यांचा गैरसमज अगदीच निराधार नव्हता. आरंभ सोन्यापासूनच करावयाचा आहे.

१९६४ सालची गोष्ट. मी नववीत होतो. एके दिवशी सर रावपुऱ्यातल्या एका वैद्यांकडून सोन्याच्या वर्खाचे एक पान मागून घेऊन आले. श्वास लागला तरी उडावे असे ते पान त्यांनी काचेच्या दोन तुकड्यांमध्ये धरले, प्रयोगशाळेच्या खिडक्या बंद करून एकाच फटीतून ऊन आत येऊ दिले आणि म्हणाले, “एकेकाने यावे, या काचेतून उन्हाकडे पाहावे, काय रंग दिसतो तो वहीत लिहावा आणि शेजाऱ्याशी बोलू नये.” आम्ही बेचाळीस मुले होतो. माझी पाळी आली तेव्हा मी पाहिले, जागेवर येऊन बसलो आणि स्वच्छ अक्षरात लिहिले, ‘पिवळा’.

दुसऱ्या दिवशी वही परत मिळाली. त्या शब्दाखाली तांबड्या शाईने सरांनी एवढेच लिहिले होते : ‘पाहिलेस की आठवलेस?’ मी पुन्हा जाऊन पाहिले. काचेतून येणारा प्रकाश हिरवा होता, किंचित निळसर झाक असलेला हिरवा. आदल्या दिवशीही तो हिरवाच असला पाहिजे. पण सोने पिवळे असते हे मला ठाऊक होते, आणि मी पाहण्याच्या आधीच उत्तर लिहून मोकळा झालो होतो. वर्गातल्या बहुतेकांनी तेच केले होते हे समजल्यावर मला थोडे बरे वाटले, हेही कबूल करतो.

पुढे महाविद्यालयात गेल्यावर कळले की हा प्रयोग मायकेल फॅरडे यांच्या परंपरेतला आहे. १८५७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांनी सोने आणि प्रकाश यांच्या संबंधावर एक व्याख्यान दिले. परावर्तित प्रकाशात पिवळा दिसणारा वर्ख आरपार जाणाऱ्या प्रकाशात हिरवा दिसतो, हे त्यांनी दाखवलेच. पण त्याहून नवलाची एक गोष्ट नोंदवली. काचेवर बसवलेला वर्ख तापवला की त्याचा हिरवा रंग जातो, आणि त्याच जागी दाब दिला की तो परत येतो. सोने तेच, वजन तेच. आत काहीतरी वेगळे रचले गेले एवढेच. फॅरडे यांनी सोन्याच्या क्षारांपासून माणकासारखे लाल पाणीही तयार केले आणि हा रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा आहे असे अनुमान केले. त्यांनी बनवलेल्या द्रावांच्या काही कुप्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवलेल्या आहेत. लाल रंगाचे गणित मात्र पन्नास वर्षांनी सुटले. १९०८ साली गुस्टाफ मी या जर्मन शास्त्रज्ञाने, प्रकाशाच्या तरंगापुढे धातूचा गोल कण कसा वागतो याचा संपूर्ण हिशोब मांडला. प्रकाश म्हणजे कंप पावणारे विद्युत्क्षेत्र. त्याच्या ओढीने कणातील मोकळे इलेक्ट्रॉन एकदम या बाजूला, एकदम त्या बाजूला हेलकावतात. ज्या तरंगाची लय त्यांच्या हेलकाव्याशी जुळते तो तरंग शोषला जातो, उरलेला प्रकाश आपल्याला रंग म्हणून दिसतो.

मी यांच्या कणात लाखो अणू असू शकतात. आजचा आपला विषय त्याहून फार लहान आहे. तीन अणू, चार अणू, आठ, वीस. इंग्रजीत यांना ‘क्लस्टर’ म्हणतात. मराठीत ‘पुंज’ हा शब्द आहे, पण तो आपण ताऱ्यांना देऊन बसलो आहोत. आंब्यांचा घोस असतो, केळ्यांचा घड असतो, आणि दोन्हींत फळे मोजता येतात, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मी ‘गुच्छ’ म्हणणार आहे. ज्यांना ‘घोस’ अधिक आवडेल त्यांनी तसे म्हणावे. माझी हरकत नाही.

मोजता येणे महत्त्वाचे अशासाठी की या जगात एक अणू इकडचा तिकडे झाला तर सारे बदलते. लोखंडाच्या खिळ्यातून एक अणू काढला तर खिळ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. आठ अणूंच्या गुच्छातून एक काढला तर उरतो तो वेगळाच पदार्थ म्हणावा लागेल.

सोडियम हा गुच्छांच्या अभ्यासातला आद्य धातू. त्याच्या प्रत्येक अणूचा सर्वांत बाहेरचा एक इलेक्ट्रॉन सैल असतो. १९८४ साली अमेरिकेत बर्कली येथे वॉल्टर नाइट, वॉल्ट डी हीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडियमची वाफ बारीक छिद्रातून निर्वात पात्रात सोडली. वाफ एकदम प्रसरण पावून थंड होते आणि अणू एकमेकांना चिकटून गुच्छ बनतात. वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राने त्यांनी प्रत्येक आकाराचे किती गुच्छ तयार झाले ते मोजले. ८, २०, ४०, ५८, ९२ या संख्यांचे गुच्छ शेजाऱ्यांच्या मानाने ठळकपणे अधिक होते. अर्थ असा की गुच्छातले सारे सैल इलेक्ट्रॉन एकाच घरात राहतात आणि त्या घरातही अणूतल्याप्रमाणे कवचे असतात. कवच भरले की गुच्छ स्थिर होतो. अणुकेंद्राच्या बाबतीत अशीच कवचे मारिया गोपर्ट मायर यांनी १९४९ साली दाखवली होती. अणुकेंद्र आणि सोडियमचा गुच्छ यांचा आकार, ऊर्जा, घटक, काहीच सारखे नाही. हिशोब मात्र भाऊबंदासारखा आहे.

आता त्यांचा रंग कसा पाहायचा? निर्वातातल्या त्या झोतात गुच्छ इतके विरळ असतात की त्यांच्यातून प्रकाश पाठवून तो किती कमी झाला हे मोजणे अशक्यप्राय. तेव्हा युक्ती उलटी करतात. एका ठराविक तरंगलांबीचा लेसर झोतावर टाकायचा. गुच्छाने प्रकाश शोषला की ती ऊर्जा त्याच्या अंगात उष्णता होऊन पसरते आणि तापलेल्या कढईतून लाही उडावी तसा एखादा अणू उडून जातो. आठचा गुच्छ सातचा झाला की तो आपल्या मोजणीतून निसटतो. म्हणजे प्रकाश किती हरवला हे न मोजता गुच्छ किती हरवले ते मोजायचे. लेसरची तरंगलांबी थोडी थोडी बदलत हेच करत गेले की शोषणाचा वर्णपट तयार होतो. १९८७ साली बर्कलीच्या गटाने अशा रीतीने सोडियमच्या गुच्छांतील इलेक्ट्रॉनांचा सामूहिक हेलकावा नोंदवला. आठ अणूंच्या गुच्छाचे शोषण सुमारे ४९५ नॅनोमीटरला, म्हणजे निळा आणि हिरवा यांच्या सीमेवर आहे. मी यांच्या गणिताप्रमाणे ते अतिनीलाच्या बाजूला असायला हवे होते. इतक्या लहान गुच्छात इलेक्ट्रॉन अणूंच्या सीमेबाहेर सांडल्यासारखे पसरतात, त्यामुळे हेलकावा मंदावतो.

येथून आकाराचा प्रश्न सुरू होतो. परातीत पाणी घेऊन ती हलवली तर पाणी कोणत्याही दिशेने सारख्याच लयीत हेलकावते. गुरांना पाणी पाजण्याच्या लांबट डोणीत मात्र दोन लयी सापडतात : लांबीच्या दिशेने सावकाश, रुंदीच्या दिशेने जलद. गुच्छाचेही तसेच आहे. गोल गुच्छाला एकच मोठे शोषण. काकडीसारखा लांबट असेल तर दोन, त्यांतले तांबड्याकडचे लहान आणि निळ्याकडचे दुप्पट मोठे, कारण आखूड दिशा दोन आहेत. मित्रहो, येथे मी क्षणभर थांबतो. ज्या वस्तूचा आकार कोणत्याही साध्या भिंगाने कधीही दिसणार नाही, तो तिच्या रंगाच्या दुभंगण्यातून कळतो, हे मला पहिल्यांदा उमजले त्या रात्री मी फार उशिरा घरी गेलो होतो.

पण वीस-तीस अणूंच्या खाली आलो की ‘गोल’, ‘लांबट’ या शब्दांनी भागत नाही. चार अणूंना गोल कसे म्हणणार? ते कसे बसले आहेत हेच विचारावे लागते. समभुज चौकोनात, चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांवर, की इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखे? अणू तेच, संख्या तीच, बैठक वेगळी. अशा पदार्थांना आपण समघटक म्हणतो.

समघटकांची कथा चांदीपासून सुरू होते हा योगायोग मला आवडतो. १८२० च्या दशकात फ्रीड्रिख वोलर आणि युस्टुस लीबिग या दोन तरुण रसायनशास्त्रज्ञांनी चांदीच्या दोन क्षारांचे पृथक्करण केले. वोलर यांचा क्षार शांत, लीबिग यांचा स्पर्शाने स्फोट पावणारा. दोन्हींत चांदी, कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन यांचे प्रमाण तंतोतंत सारखे निघाले. लीबिग यांनी आधी वोलर यांचे मोजमाप चुकले असेच म्हटले. पुन्हा तपासले तेव्हा दोन्ही मोजमापे बरोबर होती. भांडणातून आयुष्यभराची मैत्री झाली, आणि १८३० साली बर्झेलियस यांनी या प्रकाराला नाव दिले. वजन करणाऱ्या तराजूला जो भेद कळत नाही, तो स्फोटाला कळतो.

गुच्छांत हे प्रकरण फारच वाढते. अणूंमधल्या आकर्षणाचा एक साधा नमुना घेतला, लेनर्ड-जोन्स यांच्या नावाने तो ओळखला जातो, तर सहा अणूंना स्थिर बसण्याच्या दोन रीती मिळतात, सातांना चार, आठांना आठ. तेरा अणूंना दीड हजारांच्या आसपास! खऱ्या धातूचे आकर्षण याहून गुंतागुंतीचे आहे. या गर्दीतून निसर्गाने कोणती रीत पत्करली हे कसे ओळखायचे?

उत्तर असे की ओळखपरेड करायची. संभाव्य घडणींची यादी करायची, प्रत्येक घडणीचा वर्णपट पुंजयामिकीच्या गणिताने काढायचा, आणि प्रयोगातल्या वर्णपटाशी एकेक ताडून पाहायचा. व्लास्ता बोनाचिच-कौटेत्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास सोडियमच्या लहान गुच्छांसाठी हे अतिशय चिकाटीने केले. चार अणूंच्या सोडियमची गाठ समभुज चौकोनाशी पडली. पुढे वॉल्टर कोन यांच्या घनता-सिद्धांताची काळाबरोबर बदलणारी आवृत्ती, जी रुंगे आणि ग्रोस यांनी १९८४ साली मांडली होती, ती संगणकांच्या आवाक्यात आली आणि हे काम पुष्कळ सोपे झाले. गुच्छांच्या संगणकीय अभ्यासात आपल्या पुणे विद्यापीठाचाही वाटा आहे. प्रा. दिलीप कान्हेरे यांच्या गटाने सोडियम आणि गॅलियम यांच्या गुच्छांवर दीर्घकाळ काम केले. तळहातावर वितळणाऱ्या गॅलियमचे लहान गुच्छ मोठ्या तुकड्यापेक्षा जास्त तापमानापर्यंत घन का राहतात, याचे त्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेले स्पष्टीकरण या क्षेत्रात सर्वांना परिचित आहे. ते आजच्या विषयाच्या कडेचे आहे, म्हणून पुढे जातो.

ओळखपरेडीत एक धोका असतो, तो पोलिसांनाही ठाऊक आहे. खरा इसम रांगेत उभाच नसेल, तर साक्षीदार त्यातल्या त्यात जवळच्या चेहऱ्याकडे बोट दाखवतो. वर्णपट हे छायाचित्र नव्हे, ती साक्ष आहे. एखादी घडण शक्य नाही हे तो ठामपणे सांगू शकतो. अमुकच घडण आहे हे मात्र, आपण विचारलेल्या पर्यायांपुरतेच सांगतो. आणि दुसरी अडचण अशी की झोतात एकाच संख्येचे दोन समघटक एकत्र असू शकतात. वजन सारखे, त्यामुळे वस्तुमान मोजणारे यंत्र त्यांना वेगळे करू शकत नाही. तेव्हा हाती येणारा वर्णपट हा दोन माणसांनी एकदम दिलेल्या जबानीसारखा असतो.

शिवाय हे गुच्छ स्वस्थ बसत नाहीत. तीन अणूंचा सोडियम तर सदैव आपला त्रिकोण एका कोनाकडून दुसऱ्याकडे ओघळवत असतो. १९८६ साली त्याच्या वर्णपटातून हे दिसले. फ्रायबुर्ग येथे हाबरलांट यांच्या गटाने १९९५ साली सोडियमच्या अकरा अणूंच्या धनभारित गुच्छाचा वर्णपट घेतला. सुमारे ३५ केल्व्हिनला, म्हणजे शून्याखाली २३८ अंश सेल्सियसला, त्यात अनेक सुटी, रेखीव शिखरे दिसली. तोच गुच्छ १०० अंश सेल्सियसच्या थोडा वर नेला तर त्यांच्या जागी दोनच पसरट टेकड्या उरल्या. पूर्वीच्या कितीतरी मोजमापांत गुच्छ गरम होते, आणि आपण त्या टेकड्यांनाच गुच्छाचा खरा चेहरा समजत होतो. आकार कसा आहे हा प्रश्न अपुरा, किती तापमानाला कसा आहे असे विचारायला हवे.

सोन्याने तर सर्वांना चकवले. धातूचे अणू गोळा होऊन गोळाच बनणार असे कोणीही म्हणेल. कार्ल्सरूहे येथे काप्पेस यांच्या गटाने २००२ साली ऋणभारित सोन्याचे गुच्छ वायूतून ढकलून त्यांना किती अडथळा होतो ते मोजले. अकरा अणूंपर्यंत सोने सपाट, एका पातळीत बसलेले निघाले, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे! बाराव्या अणूपाशी ते उठून उभे राहते, आणि त्या उंबरठ्यावर सपाट व उभे, दोन्ही समघटक एकत्र सापडतात. २००३ साली लाय-शंग वांग यांच्या गटाने प्रकाशाने इलेक्ट्रॉन उडवून दाखवले की वीस अणूंचे सोने चतुष्फलकाच्या आकाराचे आहे. प्रत्येक बाजू दहा अणूंचा त्रिकोण, देवळाच्या दारातल्या दुकानात लाडू रचावेत तसा. ही जबानी ऋणभारित गुच्छाची होती. मग २००८ साली विद्युत्भार नसलेल्या गुच्छांची पाळी आली. नेदरलँड्समधल्या अवरक्त लेसरपुढे सोन्याचे गुच्छ पाठवण्यात आले. त्यांना क्रिप्टॉनचे अणू अलगद चिकटवलेले होते. अवरक्त प्रकाश शोषला गेला की क्रिप्टॉन गळून पडतो, आणि ते मोजता येते. वीस अणूंच्या गुच्छाने जवळजवळ एकच ठळक रेषा दिली. इतकी कमी कंपने केवळ फार सममित घडणीलाच शोभतात. एकोणीस अणूंच्या गुच्छात ती रेषा दुभंगली : तोच चतुष्फलक, एका कोपऱ्याचा अणू नसलेला. सर्वांत वरचा लाडू कोणी तरी उचलला होता, एवढेच.

आता मी माझ्याकडे वळतो. हे सांगावे की नाही याचा मी बराच विचार केला. परंतु सरांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानात केवळ इतरांच्या यशाच्या कथा सांगून बसणे मला योग्य वाटले नाही.

माझे स्वतःचे काम चांदीवरचे होते. साधी सोडा-काच चांदीचा क्षार घातलेल्या वितळलेल्या सोऱ्यात बुडवली की काचेतला सोडियम बाहेर येतो आणि चांदी आत शिरते. मग ती काच तापवली की चांदीचे अणू एकत्र येऊ लागतात आणि काच मधासारखी पिवळी होते. हा पिवळा रंग म्हणजे मी यांच्या कणांचा हेलकावा, साधारण ४१० नॅनोमीटरच्या आसपास. १९९३ साली माझ्याकडे एक विद्यार्थिनी पीएच.डी.साठी आली. पिवळा रंग येण्याच्या आधी, कण अगदी बाल्यावस्थेत असताना काय घडते ते पाहावे, असा विषय मी तिला दिला. काम किचकट होते. शोषण अत्यंत अल्प, यंत्र जुने, वीज केव्हाही जाणारी.

दीड वर्षाने ती आलेख-कागदाची एक लांब गुंडाळी घेऊन माझ्या खोलीत आली. एकाच काचेचे, थोडे थोडे तापवत घेतलेले सात वर्णपट तिने एकावर एक काढले होते. अतिनीलाच्या कडेला दोन लहान उंचवटे होते. तापवत गेले की डावा उतरत होता आणि उजवा चढत होता. तिने त्या दोहोंच्या मधल्या एका जागेवर पेन्सिल टेकवली. “सर, सातही रेषा या एकाच बिंदूतून जातात.”

रसायनशास्त्रात या बिंदूला मोल आहे. एका पदार्थाचे दुसऱ्यात सरळ रूपांतर होत असेल, तिसरे काही मध्ये येत नसेल, तर असा सामाईक बिंदू मिळतो. तिचे म्हणणे असे होते की चांदीच्या एकाच संख्येच्या गुच्छाच्या या दोन घडणी असाव्यात आणि उष्णतेने एक दुसरीत बदलत असावी. मी आलेख पाहिला. निदान पाहिल्यासारखे केले. माझ्या मनात त्या क्षणी काचेतले लोह होते. बाजारी काचेत लोहाचा अंश असतोच आणि तो त्याच भागात प्रकाश शोषतो. मी म्हणालो, “काच अशुद्ध आहे. हे सात वर्णपट प्रबंधात नकोत, परीक्षक अडवतील.” आणि तांबड्या पेनने त्या दोन उंचवट्यांवर आडवी रेघ मारली. ती काही बोलली नाही. प्रबंध त्या पानांशिवाय सादर झाला, मान्यही झाला. पदवीनंतर तिने संशोधन सोडले आणि दुसऱ्या शहरात कनिष्ठ महाविद्यालयात शिकवू लागली. मी कारण विचारले नाही.

त्याच सुमारास लोझान येथे हारबिख, ब्यूटे आणि त्यांचे सहकारी हेच प्रश्न मला जमले नसते इतक्या शुद्ध रीतीने विचारत होते. चांदीचे गुच्छ आधी वजनाने निवडून, नेमक्या संख्येचे, ते गोठवलेल्या आरगॉनमध्ये ठेवत आणि मग वर्णपट घेत. आठ अणूंच्या चांदीला जवळजवळ सारख्याच ऊर्जेच्या दोन घडणी आहेत आणि त्यांतली कोणती समोर आहे हे ठरवणे सोपे नाही, हे पुढच्या दहा वर्षांत गणितानेही दाखवले. आमच्या ग्रंथालयात तेव्हा परदेशी नियतकालिके जवळजवळ बंद झाली होती. ही सबब मी पुष्कळ वर्षे वापरली. लोहाची शंका मात्र चांदी न घातलेल्या त्याच काचेचा तुकडा तापवून एका दुपारीत फेडता आली असती, आणि त्यासाठी कोणतेही नियतकालिक लागत नव्हते.

सेवानिवृत्तीनंतर, २०१५ साली, एक शोधनिबंध माझ्या वाचनात आला. चीनमधील हफेई येथील वू यांच्या गटाने, अमेरिकेतील जिन यांच्या सहकार्याने, अडतीस सोन्याच्या अणूंचा एक गुच्छ तयार केला होता. त्याभोवती गंधकयुक्त सेंद्रिय रेणूंचे चोवीस धागे होते. त्याच संख्येचा, त्याच चोवीस धाग्यांचा गुच्छ आधीपासून ठाऊक होता. पण या नव्याची अंतर्गत बैठक निराळी होती, आणि दोघांचे स्फटिक करून, क्ष-किरणांनी एकेका अणूची जागा काढून त्यांनी ते दाखवले. येथे ओळखपरेडीचा प्रश्नच उरला नाही. दोघांचे वर्णपट वेगळे. रासायनिक प्रक्रियेला चालना देण्याची शक्तीही वेगळी. आणि नवी घडण तापवली की ती जुन्या घडणीत बदलते, पुन्हा उलट येत नाही.

शेवटचे वाक्य वाचून मी निबंध बाजूला ठेवला. दोन दिवसांनी, बऱ्याच खटपटीने नंबर मिळवून, तिला दूरध्वनी केला. वीस वर्षांनी. निबंधाची हकीकत सांगितली आणि त्या दिवशी मी चुकलो असे म्हणालो. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, “सर, तेव्हा माझीही खात्री नव्हती. दोन घडणी असतीलच असे नाही. रेषा एका बिंदूतून जात होत्या, एवढेच मला दिसले होते.”

तिचे म्हणणे खरे आहे. आमच्या काचेत किती अणूंचे गुच्छ होते हे मोजण्याचे साधन आमच्याकडे नव्हते. सोन्याच्या त्या गुच्छावरून काचेतल्या चांदीबद्दल काही सिद्ध होत नाही. ते उंचवटे दोन समघटकांचे असतील, लहान गुच्छ मोठ्यांत मिसळत असतील, किंवा खरोखरच लोह असेल. आज ते कोणालाही सांगता येणार नाही, कारण ती पाने छापलीच गेली नाहीत आणि म्हणून तो प्रयोग पुन्हा कोणी केला नाही.

ती आलेखाची गुंडाळी तिने इतकी वर्षे जपून ठेवली होती. गेल्या महिन्यात, या व्याख्यानाचे निमंत्रण आल्यावर, मी ती तिच्याकडे मागितली आणि या शाळेला देण्याची परवानगीही मागितली. तिने दोन्ही दिले. ती गुंडाळी मी आज बरोबर आणली आहे आणि विज्ञानाच्या प्रयोगशाळेसाठी मुख्याध्यापिकाबाईंच्या स्वाधीन करीत आहे. शाई फिकट होऊ लागली आहे, तेव्हा ती उन्हात लावू नये. काचेखाली सपाट ठेवावी. माझी तांबडी रेघ तशीच राहू द्यावी. सामाईक बिंदू तिच्या उजवीकडे, साधारण बोटभर अंतरावर आहे. मुलांना तो दाखवू नये, त्यांचा त्यांना सापडू द्यावा.